रजिस्टरांची कणगी

बोर्डिंगच्या ऑफिसात त्या काळ्या पेटीला जागा शोधण्यात आमचा अर्धा रविवार गेला. पेटी काही मोठी नव्हती. जेवणाचा चार कप्प्यांचा डबा आडवा ठेवला तर जेवढा होईल, तेवढीच. अण्णा म्हणाले, कपाटात ठेव, कुलूप लावू. मोलाची वस्तू कुलपात राहते, यापलीकडे त्यांना काही पटत नसे. हिला वारा लागतो, दोन वायरी लागतात, कपाटात ती तापून बंद पडेल, असं मी दोन-तीनदा सांगितलं. मग त्यांनी टेबलाशेजारची फळी स्वतः रिकामी केली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "ठेव हितं. माझ्या हाताजवळ."

अण्णा म्हणजे आमच्या बोर्डिंगचे रेक्टर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिरोळकडच्या आमच्या गावातून मी आठवीला त्यांच्याकडे आलो आणि बी.एस्सी. होऊनच बाहेर पडलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. आबा, म्हणजे वडील, लोकांच्या उसाला पाणी पाजायचे. बोर्डिंगनं मला एक खाट दिली, दोन वेळचं जेवण दिलं आणि अण्णांची बोलणी दिली, तिन्ही फुकट. आज मी दोन ओळी नीट लिहू शकतो त्या त्याच जेवणावर, हे मी कधी विसरत नाही. शिक्षण संपल्यावर राजारामपुरीत कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या एका दुकानात मला नोकरी लागली. बँका, दवाखाने, वकिलांची ऑफिसं, सगळीकडं जाऊन मी यंत्रं जोडायचो, नेटवर्क करून द्यायचो.

दोन हजार सात-आठच्या सुमाराला अण्णांनी मला बोलावून घेतलं. त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवाळीला ते काम सोडून बावड्याला मुलीकडं राहायला जाणार होते. बोर्डिंगात त्यांच्या हातची एकवीस रजिस्टरं होती. प्रत्येक मुलाला एक पान. नाव, गाव, कितवी, एक लहान फोटो आणि खाली पालकाची सही किंवा अंगठा. तळातल्या दोन रजिस्टरांना वाळवी लागली होती.

पण अण्णांना वाळवीची तेवढी काळजी नव्हती. पानांचे फोटो कुणीही काढेल, ते म्हणाले. "पान सांगतंय पोरगं कुठनं आलं. पुढं त्याचं काय झालं ते पानावर न्हाय. ते माझ्या डोक्यात हाय. मी गेल्यावर कुणाला इचारणार तुमी?"

असं ते काम ठरलं. दर रविवारी मी यायचं, एकेक पान स्कॅन करायचं आणि त्या पानाखाली अण्णा जे सांगतील ते टाईप करायचं. पानं जपण्यापेक्षा अण्णांची आठवण जपायची होती, आणि त्यासाठी दिवाळीपर्यंतचाच वेळ होता.

बोर्डिंगचा कॉम्प्युटर कुणीतरी देणगी म्हणून दिलेला, जुना होता. त्याच्या भरवशावर अण्णांचं डोकं ठेवणं मला बरं वाटेना. आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं मागवून परत केलेली नेटवर्कवरची साठवणीची पेटी पडून होती. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, तुझ्या बोर्डिंगला घेऊन जा. त्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो होतो, तेव्हा मला आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटलं होतं. ज्या घरानं मला दिलं, त्या घराला मी काहीतरी घेऊन चाललो होतो.

फळीवर पेटी ठेवून मी जोडणी केली. कॉम्प्युटरची एक वायर मधल्या छोट्या डबीत, डबीतून दुसरी वायर पेटीत. पेटीला नेटवर्कवरचा तिचा पत्ता दिला, तिच्यात रजिस्टरांसाठी एक फोल्डर केला, पासवर्ड ठेवला. तो कुठंतरी जपून लिहून ठेवा म्हटल्यावर अण्णांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिला. मी हसलो तर म्हणाले, बारीक लिहून मला दिसायचं न्हाय आणि मला दिसलं न्हाय तर जपून काय उपयोग.

पेटीत दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटायचं. अण्णांनी विचारलं, दोन कशाला? एक बिघडली तर दुसरी राहते, मी सांगितलं.

"म्हंजे एक खायाचं आणि एक बियाणाचं," ते म्हणाले. "मग डबा कशाला म्हणतोस? दाण्याची कणगी म्हण की."

तेव्हापासून ती कणगीच झाली. पहिल्या रविवारी पहिलं रजिस्टर संपवलं आणि त्याची प्रत मी स्वतः बसून कणगीत पाठवली. पडद्यावर हिरवी पट्टी भरत जाताना अण्णा डोळे बारीक करून बघत होते. मग रोज रात्री अकरा वाजता कॉम्प्युटरनं आपलं आपण नवं काम कणगीत भरावं, अशी वेळ लावून दिली. रात्री कुणी कॉम्प्युटरवर बसत नाही, म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांकडं मी तीच वेळ लावत असे. अण्णांना एवढंच बजावलं की कॉम्प्युटरचं बटण कधी बंद करू नका, नुसता पडदा बंद करा.

"बटणाला हात लावणार न्हाय," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी तो शब्द पाळला.

पुढचे अकरा रविवार फार चांगले गेले. मी सकाळी यायचो, मुलांबरोबर पंगतीला बसून जेवायचो, सहाच्या सुमाराला निघायचो. अण्णा पान डोळ्यांजवळ धरायचे, फोटो बघायचे आणि भराभर सांगायचे. हा तलाठी झाला. हा मिलिटरीत. ह्याचं किराणा दुकान, कळंब्याला. हा वारला. माझं पान आलं तेव्हा त्यांनी बोटाला थुंकी लावून ते लगेच उलटलं. तुझं काय लिहायचं, तू हायेस की समोर, असं म्हणाले. मलाही त्यात काही वाटलं नाही.

मधे एकदा अण्णा म्हणाले, मी सांगतो ते एखाद्या वहीत पण लिहीत जा की. मी मोठ्या समजुतीनं त्यांना सांगितलं, अण्णा, वहीचा जमाना गेला. आणखी एका रविवारी ते म्हणाले, तुझं ते खालचं यंत्र सांजच्याला जरा ओरडतंय आणि मग गप होतंय. खालचं यंत्र म्हणजे यूपीएस. वीज गेली की तो थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवतो आणि टीं टीं आवाज करतो. लोडशेडिंगचे दिवस होते. बॅटरी जुनी आहे, मी म्हटलं, आणि पुढचं पान मागितलं. कणगीवरचा हिरवा दिवा मी प्रत्येक रविवारी बघत होतो. तो लागलेला असायचा. मला तेवढं पुरेसं वाटलं.

श्रावणात एका रविवारी कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून टिकटिक आवाज येत होता. डिस्क गेली, हे मला ऐकताक्षणी कळलं. अण्णांचा चेहरा पडला. मी म्हटलं, काळजी करू नका, कणगी आहे की. अगदी ह्याच दिवसासाठी ती आणली होती, त्यामुळं खोटं कशाला सांगू, मला थोडा आनंदच झाला होता. दुकानाचा लॅपटॉप माझ्याकडं होता. तो जोडला, कॅलेंडरवरचा पासवर्ड घातला आणि फोल्डर उघडला.

आत एकच रजिस्टर होतं. पहिल्या रविवारचं, मी हातानं भरलेलं.

मी फोल्डर बंद करून पुन्हा उघडला. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. मग तिची नोंद काढून बघितली, जी मी त्या अकरा आठवड्यांत एकदाही बघितली नव्हती. रोज सकाळी सुरू, रोज संध्याकाळी आठला अचानक बंद. अकरा वाजता ती जागी असल्याची एकही रात्र नव्हती.

"अण्णा, रात्री वीज जाते का इथं?"

"वीज असती की. मेन बंद असतोय. आठाला."

दिवस मावळतो हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

तो मेन मला माहीत नव्हता असं कसं म्हणू? ऑफिस, रजिस्टरांची खोली आणि आमची वाचनाची खोली एकाच अंगाला होती. त्या अंगाचं वायरिंग फार जुनं, लाकडी पट्टीतलं. मी यायच्या आधी कधीतरी उंदरांनी वायर कुरतडून ठिणगी पडली होती आणि एका रजिस्टराचा कोपरा जळला होता. तेव्हापासून प्रार्थनेनंतर आठच्या ठोक्याला अण्णा त्या अंगाचा मेन स्वतःच्या हातानं बंद करायचे. आठ वर्षं मी त्या खट्ट आवाजाखाली काढली. गणित अर्ध्यावर असायचं, वाचता वाचता ओळ मधेच अंधारात जायची. आम्ही मुलं पुटपुटायचो. अण्णांनी कधी कुणाला विचारलं नाही, झालं का म्हणून. आठाच्या आत काय उरकायचं आणि खोलीवर जाऊन काय करायचं, याचं माझं सगळं शिक्षणच त्या स्विचनं बसवून दिलेलं होतं. आणि त्याच खोलीत बसून वेळ लावताना मला तो आठवला नाही. मला आठवली ती बँका-दवाखान्यांची ऑफिसं. रजिस्टरं जळू नयेत म्हणून अण्णा रोज जे करत होते, त्यानंच कणगी रोज रिकामी राहत होती, आणि बहुधा रोज तसा धक्का बसून ती जुनी डिस्कही गेली. दोष अण्णांचा तसूभर नव्हता. सांगणारं ते यंत्रही रोज ओरडत होतं.

"किती गेलं?" अण्णांनी विचारलं.

"पहिलं रजिस्टर सोडून सगळं."

"पानं हाईत की."

"पानं आहेत. तुम्ही सांगितलेलं गेलं."

वहीत लिहून ठेव म्हटलं होतं, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. अण्णांचा स्वभाव बघता जोरात म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, आणि त्यानं मला जास्त लागलं. डिस्क मी पुण्याला एकाकडं पाठवली. बारा दिवसांनी ती जशीच्या तशी परत आली, आतलं काहीच न निघता.

त्या बारा दिवसांत आणखी एक झालं. अण्णांची नजर झपाट्यानं गेली. मी नवी डिस्क घेऊन आलो तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि मिटून माझ्याकडं सरकवलं. दिवाळीला नऊ रविवार उरले होते.

मी सुचवलं की वायरमन बोलावून कणगीला मेनच्या अलीकडून वेगळी वायर काढू, म्हणजे ती रात्रभर चालू राहील. अण्णांनी साफ नाही म्हटलं. त्या भिंतीला लागून रजिस्टरं हाईत, रात्री तिथं वीज खेळती ठेवून मला झोप यायची न्हाय. त्यांचं बरोबर होतं. यंत्राच्या सोयीनं घर बदलायचं नसतं, घराच्या सोयीनं यंत्र लावायचं असतं, हे मी तिथं शिकलो आणि पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाकडं आधी विचारू लागलो की तुमच्याकडं दिवे कोण आणि कधी बंद करतं. मी कणगीची वेळ संध्याकाळी सातची केली, सगळे प्रार्थनेला असतात तेव्हाची. भरून झालं की रोज कॉम्प्युटर रीतसर बंद करायला अण्णांना बटण दाखवून ठेवलं, ते त्यांनी बोटानं चाचपून पाठ केलं. सहाला निघायचं मी सोडून दिलं. आता थांबायचो, आणि भरून झाल्यावर कणगीतलं एखादं पान लॅपटॉपवर उघडून वाचून बघायचो. शिवाय वही आणली. आधी वहीत, मग यंत्रात.

अण्णांना दिवा दिसत नसे. ते पेटीवर तळवा ठेवायचे. डिस्क फिरू लागली की बारीक थरथर लागते. "पडायला लागलं दाणं," म्हणायचे.

सांगण्याची रीतही बदलली होती. पहिल्या खेपेला पान ते बघायचे आणि मी लिहायचो. आता पान मी बघायचो आणि त्यांना सांगायचो. नाव, गाव, फोटोत कसा दिसतो, शर्ट कसला, केस कसे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि थोड्या वेळानं बोलायचे. पहिल्या खेपेला ज्याच्याबद्दल नुसतं तलाठी असं सांगितलं होतं, त्याच्याबद्दल आता म्हणाले की ह्याच्या पायात चप्पल न्हवती, फोटो काढताना दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून उभा राहिला. "मी म्हटलं, अरं फोटो छातीपर्यंतच येतोय, तरी काढंना." ज्याच्यापुढं नुसतं मिलिटरी लिहिलं होतं, तो रोज जेवताना एक भाकरी खिशात घालायचा. घरी न्यायला न्हवं, अण्णा म्हणाले. सकाळी परत जेवण मिळंल ह्याची त्याला खात्री न्हवती. दोन म्हैन्यांनी थांबला. थांबला त्या दिवशी मला लई बरं वाटलं.

मुलांचं पुढं काय झालं हे आम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं. आता ती फाटकातून आत कशी आली, ते येत होतं. जे गेलं ते गेलंच. पण हे जास्त मोलाचं आहे, असं मला लिहिताना सारखं वाटायचं आणि तसं वाटण्याचीही लाज वाटायची.

शेवटच्या रविवारी उन्हं कलताना माझं पान आलं. मी ते उलटणार होतो.

"कुणाचं रं?" त्यांनी विचारलं.

"माझंच. तुम्ही मागं म्हणाला होता, काय लिहायचं म्हणून."

"पानावर काय दिसतंय सांग."

मी सांगू लागलो. नाव, गाव, इयत्ता. फोटोत कान मोठे. खाली वडलांचा अंगठा, निळ्या शाईचा. आणि अंगठ्याशेजारी काळ्या शाईत वडलांचं नाव, मोठ्या अक्षरांत, ओळ सोडून वर चढत गेलेलं. हे तुम्ही लिहिलं असणार, मी म्हटलं.

"माझं अक्षर असलं हाय व्हय?" अण्णा म्हणाले. "तुझा बा बारा-तेरा दिसानं परत आलता. तू शाळंत गेलतास. हितं दारात उभा. मी म्हटलं, पावणं, पोराला भेटायचं असंल तर पाचाला या. म्हणाला, पोराला न्हाय, तुमास्नीच भेटायचंय. तेवढा अंगठा पुसून द्या."

मी वही खाली ठेवली.

"खिशातनं एक कागुद काढला. तुझ्या भनीनं त्याचं नाव लिहून दिलतं. पाणी पाजताना बांधावरच्या चिखलात काडीनं गिरवायचा म्हणं. सरी भरली की पुसायचं, दुसऱ्या सरीवर जाऊन परत लिहायचं. मी म्हटलं, रजिस्टरात खाडाखोड चालत न्हाय. तर म्हणाला, मग शेजारी करू द्या. दिला टाक हातात. मी च्या मागवला, च्या आला, निवला, तरी ह्याची सही चाललीच होती."

बहीण तेव्हा तिसरीत होती. तिनंही मला कधी सांगितलं नव्हतं.

"जाताना हात जोडून म्हणाला, पोराला सांगू नगासा. त्याला वाटू द्या, बापाला पहिल्यापासनं येतंय."

आणि मला तसंच वाटत आलं होतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर आबा सही करायचे तेव्हा घरात सगळ्यांनी गप्प बसायचं असा त्यांचा हुकूम असे. पाटाला टेकून, जीभ दातांत धरून ते सही करायचे. मोठी माणसं सही अशीच करत असतील, असं मी धरून चाललो होतो. तो अंगठा दिला त्या दिवशी मी बघितला असणार. पण नंतरच्या सह्यांनी तो माझ्या मनातून पुसून टाकला होता. जे रजिस्टरात अण्णांनी करू दिलं नाही, ते आबांनी माझ्यात करून घेतलं होतं.

"हे लिहू?" मी विचारलं.

"लिही."

"तुम्ही त्यांना शब्द दिला होता."

"दिलता. म्हणून तर मागच्या खेपंला पान उलटलं. आता मी बावड्याला चाललो, ह्यो शब्द बरोबर नेऊन काय करू? लिहून ठेव. पण घरी जाऊन त्यास्नी इचारत बसू नको. कणगीत राहू दे."

मी विचारलं नाही. दिवाळीला घरी गेलो तेव्हा गॅसच्या कागदावर आबांची सही हवी होती. मी त्यांना पेन दिलं, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि शेजारी बसून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिलो. एवढं काय बघतोस, ते म्हणाले. काही नाही, म्हटलं.

पण ते नंतरचं. त्या रविवारी मी वहीत लिहिलं, मग टाईप केलं. सात वाजले, पलीकडं प्रार्थना सुरू झाली. अण्णांनी कणगीवर तळवा ठेवला. थरथर थांबल्यावर मी लॅपटॉपवर कणगीतलं ते पान उघडलं.

"उघडलं?"

"उघडलं."

"वाच."

मी वाचून दाखवलं, चहा निवला तेसुद्धा, सगळं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, टाक नव्हता, माझं स्वतःचं फौंटन पेन होतं. ती केली, पुन्हा भरलं, पुन्हा उघडून बघितलं. कॉम्प्युटर बंद केला, लॅपटॉप मिटला. तोवर प्रार्थना संपून गेली होती.

अण्णा उठले. भिंतीला हात लावत मेनपाशी गेले आणि दांडीवर हात ठेवून उभे राहिले. आवाज काही आला नाही. मी मान वर करून बघितलं. ते माझ्याकडं तोंड करून थांबले होते.

"भरलं का तुझं?"

"भरलं, अण्णा."

खट्ट झालं. अंधारात मला दार कुठल्या बाजूला ते कळेना, मी टेबलाला अडखळलो. अण्णांनी येऊन माझं मनगट धरलं आणि, त्यांना काय उजेड आणि काय अंधार, सरळ पायरीपर्यंत आणून सोडलं.